थेट मालकाकडून

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती कित्येक वर्षं करत होती. दुकानातली माणसं तिला भिंगताई म्हणायची. नवरा गेल्यावर सासूबाईंना घेऊन ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि उभा. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. त्या दवाखान्यापुरत्याच खाली उतरायच्या आणि उतरताना जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

म्हणून तळमजल्यावरचं, स्वतःचं घर घ्यायचं भिंगताईनं मनावर घेतलं. डबा खाता खाता ती फोनवर विकाऊ घरांच्या जाहिराती बघायची. त्यांची भाषा तिला पाठ झाली होती. ‘प्रशस्त’ म्हणजे फोटो दाराबाहेर उभं राहून काढलाय. ‘बाजारापासून पाच मिनिटं’ म्हणजे धापा टाकत पळालात तर.

एखादं घर बरं वाटलं की ती ते धाकट्या जावेला पाठवायची. जावा-जावांचं पटत नाही असं म्हणतात, पण या दोघींचं मेतकूट साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होतं. धाकटी लगेच फोन करायची. “अहो ताई, या बाथरूममध्ये वळायचं झालं तर बाहेर येऊन वळावं लागेल!” मग दोघी पोट धरून हसायच्या.

एक दिवस मनासारखं घर दिसलं. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराचं दार मागच्या गल्लीलगतच्या छोट्या अंगणात उघडणारं. घर एका म्हाताऱ्या बाईंचं होतं, त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. भिंगताई जावेला सोबत घेऊन गेली. अंगणात ऊन पडलं होतं. इथे खुर्ची टाकली की सासूबाई दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत बसतील, असं तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “तुम्हीच घ्या हो. घराला माणूस चांगलं मिळावं एवढंच आहे.”

आतल्या खोलीत धाकटीनं भिंतीला हात लावला आणि हळूच म्हणाली, “ताई, ओल आहे.”

भिंगताईनंही हात लावला. “मला तर नाही लागत.”

“अहो, नवा रंग दिलाय वरून. आईंचे सांधे आधीच तसले, त्यात ही भिंत. हौसेपायी त्यांना अंथरुणाला खिळवाल.”

भिंगताईनं घराचा नाद सोडला. पुढच्या आठवड्यात जाहिरातीवर ‘विकले गेले’ आलं, तेव्हा तिला चुटपुट लागली. “सुटलात म्हणा ताई,” धाकटी म्हणाली. मग दोघींनी पुन्हा पहिल्यापासून शोधायला सुरुवात केली.

काही महिने गेले. घराचं जमेना, तेव्हा निदान भाड्यानं तरी तळमजला मिळतो का, म्हणून ती बघत होती. फोटोतलं अंगण तिनं ताबडतोब ओळखलं. तेच घर, तीच खोली. ‘भाड्याने देणे आहे. थेट मालकाकडून. कोरडे, हवेशीर.’ ओलीचं काय केलं असेल यांनी, एवढंच तिच्या मनात आलं. विचारून तरी बघू, म्हणून तिनं खालचा नंबर दाबला.

स्क्रीनवर नाव आलं, ‘भाऊजी’.

चुकून बोट दुसरीकडे लागलं असं वाटून ती फोन बंद करणार, तोवर दिरानं उचललाही. “बोला वहिनी.”

“घर बघायचं होतं,” ती म्हणाली. “अंगणवालं.”

 “तिच्याशी बोलता का जरा?” म्हणून दिरानं फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटी स्वतःच तिन्ही मजले चढून आली. दारातच म्हणाली, “ताई, आधी ऐकून घ्या. यांच्या डोक्यात आलं, गुंतवणूक म्हणून. तुम्हाला हप्ते झेपले नसते. बाहेरच्याच्या घशात जाण्यापेक्षा घरातच राहिलं ना?”

“ओल होती का ग?”

धाकटी दारातल्या चपला नीट लावायला लागली.

“मी त्या भिंतीला हात लावून उभी होते. कोरडी होती. तरी मला वाटलं, माझ्याच हाताला कळत नसेल. तू सांगतेस म्हणजे असेल. मागून आणखी घरं पाठवली मी तुला. हसलीससुद्धा.”

“तुम्हीच राहा ना तिथे. भाडं कमी घेऊ. आपल्या माणसांत काय हिशेब?”

भिंगताईनं दार उघडं धरलं. धाकटी रडतच जिना उतरली.

तोवर सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. भिंगताई आत गेली तर त्या म्हणाल्या, “चुकलंच तिचं. पण भाड्यानं का होईना, घेऊ या का? अंगण आहे ना त्याला?”

हे मात्र तिला जावेपेक्षाही लागलं. म्हातारीवर रागावता येईना आणि हो म्हणवेना. “नाही आई,” एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवत बसली. आपल्या मानापायी म्हातारीला वर कोंडून ठेवतोय, हे तिला कळत होतं. तरी तिचं मन वळलं नाही.

पुढे घर मिळालं ते गावाच्या टोकाला. दुसरा मजला, पण लिफ्ट होती. ते ती एकटीच बघायला गेली. विकणाऱ्यानं विचारलं, “सोबत कुणी मोठं माणूस नाही?”

“मीच मोठी,” ती म्हणाली आणि एकेक भिंत चाचपत सगळ्या खोल्यांतून फिरली.

सासूबाई आता लिफ्टला शिव्या घालतात, पण रोज खाली जाऊन बसतात. दिराशी भिंगताई कामापुरतं बोलते. धाकटीचा मेसेज अधूनमधून येतो, ‘ताई, घर बघायला कधी येऊ?’ ती वाचते, उत्तर देत नाही. एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, “धाकटीचं काही कळलं का ग?”

“बरी आहे,” भिंगताई म्हणाली आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.