मिशीसकट

वडील हयात असताना आमच्याकडे माणूस मिशीला वस्तरा लावत नाही. नवस फेडायला डोकं दिलं तरी मिशी राखतात. मिशी गेली म्हणजे बाप गेला, इतका सरळ अर्थ. मी शाळामास्तर, वय चाळिशीचं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात, आबा गावी ठणठणीत असताना, मी जळगावात भर चौकात डोकं आणि मिशी दोन्ही उतरवून बसलो. कौतुकाची हौस, दुसरं काय!

त्याआधी अक्काचं सांगायला हवं. अक्का माझी थोरली बहीण. सासर धुळ्याकडचं. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मागे एकच मुलगी. त्या वर्षी अक्काच्या छातीत गाठ निघाली. मी तिला आणि भाचीला जळगावच्या पिंप्राळा भागातल्या आमच्या घरी घेऊन आलो आणि तिथून अक्काला रेल्वेने मुंबईला न्यायचो. इंजेक्शनं सुरू झाली तसे तिचे केस गेले. गावात आम्ही सांगितलं होतं की जळगावच्या डॉक्टरांकडे गुडघे दाखवायला आलीय. कॉलनीत सांगितलं, टायफॉइड झाला होता. कारण एकच. भाचीची सुपारी धुळ्यात फुटली होती. मुलाची नोकरी कायम व्हायची होती, म्हणून लग्न दिवाळीनंतर धरलं होतं. कॅन्सर म्हणजे रक्तात उतरणारा रोग, अशा घरची मुलगी करू नये, असं तेव्हा शिकलेले लोकही बोलत. अक्का आमच्या अहिराणीत एवढंच म्हणायची, "मनी पोरनं लगीन व्हई जाऊ दे, मंग बठ्ठा गावले सांग." ते लग्न आपल्या डोळ्यांनी बघायचं, यापलीकडे तिने त्या दुखण्यात काही मागितलं नाही.

आमच्या कॉलनीत चार-पाच जणांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. मुंबईला उपचाराला जाणाऱ्या गरीब रोग्यांना भाडं द्यायचं, उतरायची सोय बघायची. मी त्यांच्यात गेलो तो अक्कामुळेच, पण तिचं नाव तिथेही काढलं नव्हतं. मंडळातल्या एकाचा भाऊ परदेशात होता. तिकडे लोक अशा कामासाठी डोकं भादरून घेतात आणि बघणारे पैसे देतात, हे त्याने पत्रातून कळवलं. सगळे हसले. मी मात्र उभा राहून म्हणालो, पहिलं डोकं माझं.

रविवारी सकाळी चौकात मंडप घातला. ध्वनिक्षेपक होता, सरबत होतं, आमच्या शाळेतली पोरं सतरंजीवर बसली होती. मी आधी भाषण केलं. न्हावी माझा नेहमीचाच. तो हळूच म्हणाला, "सर, थोडे केस मागे ठेवतो, आबा आहेत ना?" मी त्याला म्हटलं, ठेव. तेवढ्यात गर्दीतून केळीचे एक व्यापारी ओरडले, मिशीचे वेगळे देतो! दुसऱ्याने त्यावर बोली चढवली. टाळ्या पडू लागल्या. न्हाव्याने माझ्याकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली. मी डोळे मिटून वरचा ओठ पुढे केला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अक्का आठवतही नव्हती.

हार घालून घरी आलो. अक्का ओसरीत शेंगा सोलत बसली होती. मला बघताच तिच्या हातातलं ताट पडलं. "आबा गयात?" असं म्हणून ती छाती बडवायला लागली. बायको धावत बाहेर आली. मी घाईघाईने सगळं सांगितलं, तेव्हा अक्का शांत झाली. मग तिने माझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि थोडी हसलीसुद्धा. लगेच म्हणाली, "मनं नाव काढं नही ना कोठे?" नाही म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी मी गावी निघालो. लोकांकडून काही भलतंच आबांच्या कानावर जायच्या आत आपणच जावं, असा विचार केला. टोपी होती, पण ओठावर काय घालणार? धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो आणि समोर भाचीच्या होणाऱ्या सासरचे नाना, मुलाचे थोरले काका. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"काय रे मास्तर, आबा गयात? आमले निरोपबी नही?" म्हणत त्यांचे डोळे भरून आले. माझ्याच गाडीने गावी यायला ते निघालेसुद्धा.

"नही नही नाना, आबा बेस शेतस," मी म्हणालो.

"मंग मिशी कसाले काढी? बाप जित्ता शे ना तुना!"

मी मंडळाचं सांगितलं. गरीब रोग्यांसाठी, कॅन्सरसाठी. तिथेच थांबलो असतो तर नाना मला येडा म्हणत आपल्या गाडीत बसले असते. पण त्यांच्या तोंडावर ते 'येडा' आधीच दिसत होतं आणि तेच मला सोसवलं नाही. चौकात टाळ्या घेऊन आलेला माणूस मी. भाषणाचा सूर लागला आणि म्हणालो, "नाना, ज्याचं जळतं त्याला कळतं. आमना घरमांच शे. अक्काले."

नानांनी पिशवी उचलली, आबांना नमस्कार सांगा म्हणाले आणि गेले. मी काय करून बसलो, ते मला गाडी धुळ्याबाहेर पडायच्या आतच पुरतं कळलं होतं.

पंधरा दिवसांत निरोप आला. पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही म्हणतात. भाची आत जाऊन बसली. मी अक्काला स्टँडवरचं सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे समजावलंच, की नानांचा गैरसमज झाला होता, आबांबद्दल अभद्र पसरलं असतं, मी तरी काय करणार. तिने मला मध्ये तोडलं नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "सहा महिना व्हयनात, मी डोकावरना पदर झोपमांबी पडू दिन्हा नही. तुले एक टोपी घालीसन गप ऱ्हाता ऊनं नही?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मंडळाच्या लोकांना कळलं तसे ते दोघं-तिघं घरी आले. त्या रविवारच्या पैशातली पहिली मदत सरांच्या घरीच जायला हवी, असं म्हणून त्यांनी पाकीट अक्कापुढे ठेवलं. मला वाटलं, आता तरी काही चांगलं घडेल. अक्काने त्यांना चहा द्यायला सांगितलं. पाकिटाला हात न लावता म्हणाली, "ज्यासना घरमां लगननी पोर नही, त्यासले द्या." लोक खाली मान घालून चहा प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेली. भाचीचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं, चांगल्या घरी झालं, आणि त्या लोकांना मी सगळं आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, त्यात काय एवढं. लोक मला म्हणतात, बघा, शेवटी चांगलंच झालं की नाही. मी हो म्हणतो. अक्काजवळ माझं वर्षभर बसणं-उठणं होतं. औषधं दिली, मुंबईला नेलं, रात्री पाय चेपले, पण चुकलो एवढा एक शब्द मी तिला म्हणालो नाही. तिला लेकीचं लग्न बघायचं होतं, एवढंच. ते मी बोलून घालवलं.