आबांच्या मेडलची झिलई

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आमच्या घरात नव्या भांड्यावर नाव टाकायला बंदी आहे. कुकर घ्या, पातेलं घ्या, दुकानदारानं "नाव काय टाकू?" विचारलं की मंगल माझ्याकडे बघते आणि मी छताकडे. संसारात मी पुष्कळदा माती खाल्ली, पण ही त्यातली सगळ्यात मोठी. आणि खाल्ली कुठं? खुद्द सासऱ्यांच्या मेडलवर!

मी भिंगारचा. लष्करी खात्यात सिव्हिलियन कारकून होतो, आता निवृत्त झालो. बंदूक कधी हातात घेतली नाही, पण जन्मभर बिगुल ऐकून उठलो, त्यामुळे फौजेतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज. मंगल म्हणते, गैरसमज. बायकोच ती, तिला नवऱ्याची पारख असायचीच.

खरे फौजी म्हणजे माझे सासरे, आबा. हवालदार नामदेव भापकर, मुक्काम मिरजगाव. एकाहत्तरच्या लढाईत होते, नुकतं मिसरूड फुटलेलं तेव्हा. त्यांची मेडलं दोन, एक लांब नोकरीचं आणि एक लढाईचं. लढाईचं मेडल बदलीच्या गडबडीत मागाहून हातात पडलं. ते सुट्टीवर घरी आणलं तेव्हा त्यांच्या आईनं दसऱ्याला कोयता-कुऱ्हाडीशेजारी पाटावर मांडलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. हत्यारांचीच पूजा ना, मग लढाईचं मेडल काय वेगळं? तेव्हापासून दर दसऱ्याला तो रिवाजच पडला.

सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला आबा दोन्ही मेडलं कोटाला लावून शाळेच्या झेंडावंदनाला पहिल्या रांगेत उभे राहायचे. एकदम ताठ! गुडघे दुखायचे, पण ते घरी आल्यावर.

मागच्या वर्षी शाळेनं ठरवलं, गावातल्या फौजींची नावं मेडलांसकट फलकावर लिहायची. यादी करायला नुकताच रिटायर होऊन आलेला एक तरुण फौजी घरोघर फिरला. आबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, बघून तो हळूच म्हणाला, "आबा, ह्यात एकच मेडल हाय. लढाईचं लिवलेलंच न्हाई."

वाईट हेतू नव्हता हो त्याचा. नोंद करायची कोणाकडून तरी तेव्हाच राहून गेलेली, आणि इतक्या वर्षांत ते बुक उघडून बघतंय कोण? पण आबांनी लढाईचं मेडल रुमालात बांधून पेटीत टाकलं आणि पंधरा ऑगस्टला ते झेंडावंदनाला गेलेच नाहीत. शाळेच्या भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं तेव्हा ते घरातच, चुलीसमोर, एकटे ताठ उभे राहिले. हे सासूबाईंनी फोनवर सांगितलं आणि मंगल रडायलाच लागली. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मी मिरजगावात हजर. म्हटलं, आबा, आणा ते मेडल इकडे, बुकात नोंद करून आणतो, ही कामं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! आबा बराच वेळ रुमालाची गाठ सोडत राहिले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मला त्यातनं काय मिळवायचं न्हाई. पर माझ्या संगं एक गडी हुता, त्यो माघारी आला न्हाई. हे मेडल खोटं ठरलं तर आमी दोगंबी तिथं नव्हतोच, असं व्हईल."

मी मेडल खिशात घातलं आणि एसटी धरली.

इथपर्यंत मी हिरो होतो बघा. घरी येऊन मेडल निरखलं तर काळंकुट्ट! खाचाखोचांत हळदकुंकवाचं किटण बसलेलं, कड तर नुसती लाल-पिवळी. साहेबापुढे असं मेडल ठेवायचं? मंगल म्हणाली, "आहे तसं न्या." तिचं ऐकलं असतं तर हा किस्साच झाला नसता. मी बाजारात जाऊन पॉलिशवाल्याला गाठलं आणि म्हटलं, होऊ दे खर्च, चांगला बफ मार. त्यानं असा मारला की मेडलात मला माझं तोंड दिसायला लागलं. आणि ते तोंड काय खूश होतं म्हणून सांगू!

संध्याकाळी नगरला माजी सैनिकांच्या कचेरीत फोन लावला. तिथले सुभेदार साहेब फार सज्जन गृहस्थ. म्हणाले, उद्या आबांना घेऊन या, बुक आणा, मेडलही आणा, त्याच्या कडेवर फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, तेवढं बघून घेऊ.

"हो हो, आहे ना," मी म्हणालो. फोन ठेवला, कड बघितली. गुळगुळीत! बोट फिरवलं, नख फिरवलं, उजेडात धरलं. नंबर नाही, हुद्दा नाही, नाव नाही. जन्मभर लष्कराच्या सावलीत राहिलेल्या मला हे ठाऊक नव्हतं की मेडलला कड असते आणि त्या कडेत माणूस असतो. बरं, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा ना? माझ्या मोबाईलमध्ये मिसळीचे फोटो आहेत, शेजाऱ्याच्या मांजराचे आहेत. मेडलचा एक नाही.

मंगलला सांगायची छाती झाली नाही. आबांना तर नाहीच नाही. आणि मग मला ती अक्कल सुचली. आपल्या बाजारात भांड्यांवर नाव टाकून मिळतं की! भांडं काय आणि मेडल काय, धातू तो धातू!

नाव टाकणाऱ्यासमोर लग्नाच्या आहेराच्या भांड्यांचा ढीग होता आणि त्याचं मशीन टर्रर्र टर्रर्र चाललं होतं. मी त्याला मेडल दिलं, चिठ्ठीवर "हवालदार नामदेव भापकर" लिहून दिलं. नंबर मला माहीत नव्हता, आणि आबांना विचारलं तर ते विचारणार, कशाला? म्हटलं, कडेवर बारीक अक्षरात टाक, आणि शेजारी चहा प्यायला गेलो. परत येईस्तोवर काम तयार. चष्मा घरी राहिलेला, कडेवर ठिपके ठिपके दिसले. झालं म्हटलं, लाज राखली देवानं.

रात्रीच फोन करून बुकासकट बोलावलेल्या आबांना सकाळी स्टँडवरून घेतलं. कोट, टोपी, बूट, सगळं जय्यत. कचेरीत सुभेदार साहेबांनी उठून त्यांना सॅल्यूट केला आणि आबांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जिंकलो आपण. मग साहेबांनी मेडल घेतलं, भिंग घेतलं आणि कड फिरवत फिरवत मोठ्यानं वाचलं.

"हवालदार नामदेव भापकर... यांजकडून सप्रेम भेट."

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. आहेराची भांडी करता करता त्या बाबाचा हात सवयीनं पुढे गेला होता हो! साहेबांनी भिंग पुसलं, परत वाचलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "आबा, हे सरकारनं तुम्हाला दिलं, का तुम्ही सरकारला?" वर त्यांनी हेही दाखवलं की लढाईच्या वेळी आबा साधे शिपाई होते. म्हणजे मी भेट तर दिलीच, परस्पर बढतीही देऊन टाकली.

मग मी सगळं ओकलो. बफ, कड, चिठ्ठी, चहा, सगळं. मान वर करायची सोय नव्हती. आबांनी मेडल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. एवढंच विचारलं, "हळदकुंकू बी समदं गेलं व्हय? खालचा थर आईच्या हातचा हुता."

मी नुसता हात जोडून उभा राहिलो.

सुभेदार साहेबांनी सावरून घेतलं. म्हणाले, कडेवरचं नाव असतं तर बरं झालं असतं, पण त्यावाचून अडत नाही, आम्ही रेकॉर्ड ऑफिसला लिहितो, पलटणीच्या कागदांत मेडल असणारच. फक्त आबांचा नंबर हवा. डिस्चार्ज बुक समोरच होतं, पण आबा खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि एका दमात नंबर म्हणून दाखवला. मग टायपिंगवाल्यासकट आम्ही सगळेच उभे राहिलो.

परत जाताना आम्ही रिक्षात बसलो. चांदणी चौक आला आणि आबा एकदम हसायला लागले. "सप्रेम भेट," म्हणायचे आणि हसायचे. हसता हसता त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

दसऱ्याला त्यांनी मला मुद्दाम मिरजगावला बोलावलं. पाटावर कोयता, कुऱ्हाड आणि ते चकचकीत मेडल. हळदकुंकवाची वाटी माझ्यापुढे सरकवून सासूबाई म्हणाल्या, "वाहा. आता तुमच्यापासनं सुरवात." मी वाहिलं.

जानेवारीत रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. मेडल आबांचंच, बुकात नोंद झाली. सव्वीस जानेवारीला ते दोन्ही मेडलं लावून पहिल्या रांगेत उभे होते. फलकावर त्यांच्या नावापुढे दोन्ही मेडलं लिहिलेली होती. त्यांनी ती वाचली आणि जरा वेळ आभाळाकडे बघितलं. तो माघारी न आलेला गडी आठवला असणार त्यांना.

घरी आल्यावर मी म्हटलं, आबा, द्या ते मेडल, तेवढं 'सप्रेम भेट' घासून आणतो. सासूबाईंनी मेडल झटक्यात पदराखाली घेतलं!

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "आदी मेडलावर नाव हुतं, बुकात नव्हतं. आता बुकात हाय, मला तेवढं पुरं. अन् हे बगा पाव्हणं, माझ्या माघारी हे मेडल तुमी ठिवायचं."

मी म्हटलं, "आबा, मला? एवढं सगळं करूनही?"

"मग कुनाला? त्याच्यावरचं वाचून लोक इचारनारच, हे असं कसं. अन् ते सांगायला तुमीच पायजेत की."

म्हणून तर येईल त्याला चहा पाजून सांगत असतो. सराव नको का व्हायला?