मोहाखालचा धूर आणि मावशीची पापणी

अन्याय माझ्या मावशीवर झाला. होळीच्या आधीच्या मंगळवारी, भर दुपारी, गडचिरोलीतल्या एका ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत. दिवस आणि वेळ मुद्दाम लिहिते, कारण गावात लोक अजूनही म्हणतात की चूक तिचीच.

मावशी चव्वेचाळीसची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं-आमचं गाव एकच, धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात. उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान. आयुष्यभर डोळे बारीक करून उन्हात काम केलं, त्याच्या रेघा डोळ्यांच्या कडांना उमटल्या. त्यांचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. यंदा वाटलं, कारण वरोऱ्याचं एक स्थळ आलं होतं. ते गृहस्थही एकटेच. होळीनंतरच्या रविवारी बघायला येणार होते.

"मध्यस्थाच्या पोरीनं मोबाइलमंदी माहा फोटो गुळगुळीत करून धाडला," मावशी मला म्हणाली होती. "माणूस दारात आला का म्हणन, फोटोतली बाई कुठी हाय?"

पार्लरच्या पाटीवर लिहिलं होतं, ऑपरेशन नाही, कापाकापी नाही, सुरकुत्या गायब. खाली बारीक अक्षरात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डॉक्टर कुठेच नव्हता. पार्लरवालीने डोळ्यांभोवती आणि भुवईपाशी सुया टोचल्या, "झालं ताई, या आता," म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली. घरी जाऊन काय करणार आहात, एवढं एक विचारलं नाही.

घरी जाऊन मावशीने तेच केलं जे त्या दिवसांत प्रत्येक घरातली बाई करते. मोहाची फुलं गळायच्या आधी आपापल्या झाडांखालचा पाला झाडून जाळायचा, नाहीतर फुलं पाल्यात सापडत नाहीत. ती बसमधून उतरली आणि झाडणी घेऊन थेट झाडाखाली गेली. धूर डोळ्यांत गेला. तिने पदराने डोळे खसाखसा चोळले. आम्ही सगळ्याच चोळतो.

शनिवारी सकाळी डावी पापणी अर्ध्यावर आलेली. हातपंपावर बाया लागल्याच मागे.

"काऊन वो बाई, नवरदेव यायच्या आधीच आँख मारून राह्यली?"

"या वयात शौक पाहा बाईचे!"

मी पार्लरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "चोळलं कशाला त्यांनी?"

"चोळू नका, असं सांगितलं होतं तुम्ही?"

"एवढं तर कोणालाही कळतं, मॅडम."

कोणाला कळतं? मला नव्हतं कळत, आणि मी शिकलेली आहे. पैसे घेताना तोंड चालतं आणि सांगायचं तेव्हा मुकं होतं, आणि वर अडाणी ठरते ती मावशी!

त्याच दिवशी तिला घेऊन गडचिरोलीतल्या त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने पापणी उचलून पाहिली. म्हणाली, "हे औषध स्नायू सैल करतं. ते पापणीपर्यंत पसरलंय. चोळल्यानं होतं, सुई चुकली तरी होतं. काही आठवड्यांत उतरेल, घाबरू नका. टोचलं कोणी?"

"पार्लरवाल्या बाईनं." मावशी खाली बघत म्हणाली. "माहीच हौस नडली, मॅडम."

"हौसेत काय वाईट आहे, बाई? माझ्याकडे आला असतात तर आधी टोपी आणि उन्हाचं मलम दिलं असतं. तरी सुई हवी म्हणाला असतात, तर तीही दिली असती. फक्त आधी विचारलं असतं, तुम्ही काम काय करता."

सकाळपासून न रडलेली मावशी तिथे रडली.

घरी आई मावशीला म्हणाली, पाहुण्यांना कळव, महिनाभर थांबा म्हणाव. मावशी म्हणाली, "नाई. येऊ दे. लपवून बसलो तर तो माणूस फोटोच खरा धरन."

रविवारी ते आले. चहाचा कप हातात द्यायच्या आधीच तिने सांगून टाकलं. "सुरकुत्या घालवाले गेलो होतो. डोळा पडला. हसाचं असन तं आत्ताच हसून घ्या."

ते हसले नाहीत. तिच्या हातातला कप घेतला. मग म्हणाले, "माहे समोरचे दोन दात नकली हायेत. म्हणून माह्या फोटोत तोंड बंद होतं."

आता हसली ती मावशी, आणि त्या हसण्यात, सुई टोचूनही उरलेल्या, डाव्या डोळ्याच्या कडेच्या रेघा उठून आल्या. बैठक लांबली. लग्नाचं अजून पक्कं नाही, पण ते पुन्हा येऊन गेले, आणि पापणीही हळूहळू वर सरकली.

हातपंपावर मात्र चूक अजून तिचीच आहे. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातली, शेजारची कोणी बाई चेहऱ्यावर सुई घ्यायला निघाली, तर तिची टर उडवू नका, तिला अडवूही नका. तिच्याबरोबर जा. आत शिरल्याबरोबर विचारा, डॉक्टर कोण आहे, सुईत काय आहे, आणि घरी गेल्यावर हिने काय करायचं नाही. उत्तर मिळेपर्यंत तिला खुर्चीत बसू देऊ नका.