चार बोटं पाणी

अप्पारावच्या बापानं जन्मभर मेंढरं वळली. अप्पारावनं पाणी वळलं.

अंकुशनगरच्या अलीकडं कालव्यातून एक चारी निघते. अप्पाराव तिचा पाटकरी. कालव्यावरचं लोखंडी दार चावीनं उचलायचं, ज्याची पाळी त्याच्या रानात पाणी पोचवायचं, वेळ संपली की पुढच्याकडं वळवायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. एवढ्या वर्षांत त्यानं कोणाची पाळी मोडली नाही. सख्ख्या मेव्हण्याला वेळेआधी पाणी दिलं नाही, म्हणून मेव्हणा अप्पारावच्या लेकीच्या लग्नाला आला नाही. "बरं झालं," अप्पाराव म्हणाला, "एक खाणारं तोंड वाचलं."

मिरवावं असं त्याच्यापाशी एवढंच होतं. बाकी एक पत्र्याची खोली, एक सायकल आणि तिखट जीभ.

यंदाच्या उन्हाळ्यात ती पाळी मोडायची वेळ आली. कारण चीन.

चारीवरचं पहिलं रान रामप्रसाद सरांचं. शेवटचं नंदाबाईचं. सर राहतात नवीन जालन्यात, बंगल्यात. कॉलेजातून निवृत्त झालेत. जुन्या काळातले चिनी पंडित काय खात आणि काय पीत, यावर त्यांची डॉक्टरेट आहे. चीनला ते गेलेले नाहीत. पण डॉक्टरेट मिळाल्यापासून चारचौघांत तिखट खात नाहीत. भाजी उकडलेली. चहा बिनदुधाचा, आणि तो पिण्याआधी वाटीवर नाक धरून डोळे मिटायचे. "रस्सा ओरपणाऱ्याला चव कळत नाही," असं ते सांगतात. सांगतात कुठं, तर जालन्यात.

शनिवारी संध्याकाळी अप्पारावला काकासाहेबांचा फोन आला. काकासाहेब पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष.

"अप्पा, उद्या सरांच्या रानात पाव्हणे हायेत. दहापासून दार चारच बोटं उचल. त्यान्ला पाणी हळू पायजे."

"उद्या दहा ते चार नंदाबाईची पाळी हाय. चार बोटांत तिच्या बांधाला थेंब लागायचा न्हाई. वाटंतच चारी सगळं पिऊन घेती."

"तीन-चार तासांनं काय होतंय? साहित्यिक लोक येऊन राह्यलेत."

"मोसंबीला साहित्य चालत न्हाई, काकासाहेब."

"तुझी नेमणूक माझ्या सहीवर हाय. बराबर ध्यानात ठेव."

नंदाबाईची तीन एकर मोसंबी. फळ लिंबाएवढं झालेलं. ऊन असं की दुपारी बांधावर चप्पल चिकटावी. पुढची पाळी तीन आठवड्यांनी, तीही आली तर. एवढं पाणी चुकलं तर फळ झाडाखाली पडणार, हे अप्पारावला ठाऊक होतं. नंदाबाईला तर होतंच.

रविवारी दहा वाजता त्यानं दार उचललं. चार बोटं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग चारीतला पाला काढत तो सरांच्या रानात आला. आंब्याखाली चारीच्या दोन्ही काठांना चटया टाकल्या होत्या. नऊ माणसं बसली होती. सरांनी खास शिवून घेतलेला पायघोळ पांढरा झगा घातला होता. बाह्या एवढ्या रुंद की एकेकीत पायलीभर ज्वारी मावावी. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे तुकडे करून त्यावर मातीचे पेले ठेवले होते. पेल्यात उसाचा रस.

"अप्पाराव, ही सोळाशे वर्षांपूर्वीची रीत," सर म्हणाले. "पंडित ओढ्याच्या दोन्ही काठांना बसत. वरून पेला सोडत. तो ज्याच्यासमोर थांबेल त्यानं कविता म्हणायची. न जमली तर दंडाचा पेला प्यायचा."

"आन खायचं काय?"

"साधंच. वाफवलेला मुळा, पांढरा भात, सोयाबीनचं पनीर. पंडिताची जीभ साध्यातली चव ओळखते. पाककृती ते स्वतः लिहून ठेवत."

"रांधायचे बी सोता?"

"छे! सज्जनानं मुदपाकखान्यापासून लांब राहावं, असं त्यांच्यात वचन आहे."

"मंग रांधायचं कोण?"

"असतील आचारी."

"आन पाणी कोण सोडायचं?"

सरांनी बाह्या सावरल्या. "तो ओढाच होता. आपोआप वाहायचा."

"हां," अप्पाराव म्हणाला. "म्हंजी त्याला पाळी नव्हती."

कार्यक्रम सुरू झाला. पहिला पेला एका निवृत्त बँक मॅनेजरपुढं थांबला. त्यांनी भर उन्हात चंद्रावरची कविता म्हटली. दुसरा बियाणं कंपनीतल्या साहेबांपुढं. त्यांना काही आठवेना, म्हणून ते रस पिऊन मोकळे झाले. मुळा सगळ्यांनी डोळे मिटून खाल्ला. "आहा," एक जण म्हणाला, "चव अशी नाहीच, आणि तीच चव." मॅनेजर शेजाऱ्याच्या कानाला लागले. "धाब्यावर सांगितलंय ना?" "सांगितलंय. काळं मटण. तीनला निघू."

अप्पाराव खाली वाकून पाला काढत राहिला. ऐकू सगळं येत होतं.

साडेअकराला नंदाबाई बांधानं आली. खांद्यावर खोरं. पाय कोरडे.

"अप्पा, पाणी कुठं मुरलं? दीड तास झाला, खोरं घेऊन बसलेय."

अप्पारावनं पाल्याची मूठ काठावर टाकली. तिनं चारी पाहिली. डुलत चाललेला पेला पाहिला.

"तुम्ही बी का, अप्पा?"

"या बाई," सर म्हणाले. "बसा. मुळा घ्या."

"मुळा माझ्या बी रानात येतो, सर. पाणी आलं तर."

ती आली तशी गेली. तेवढ्यात पुढचा पेला आला आणि चारीत उभ्या असलेल्या अप्पारावच्या नडगीला अडकला.

हशा पिकला. "अप्पारावपुढं थांबला! म्हणा कविता, नाहीतर दंड!"

अप्पारावनं पेल्याकडं पाहिलं. त्याला जन्मात एकच गोष्ट तोंडपाठ होती. ती त्यानं म्हटली.

"गुरुवार, सहा ते दोन. दैवशालाचा ऊस.
शुक्रवार, दहा ते सहा. मीनाची भेंडी.
शनिवार, दोन ते दहा. सुमितचा घास, जनावरांसाठी.
रविवार, दहा ते चार. नंदाबाई. मोसंबी."

शेवटची ओळ त्यानं नंदाबाईच्या रानाकडं बघत म्हटली.

मग टाळ्या. "काय लय आहे! अस्सल मुक्तछंद!" सरांचे डोळे भरून आले होते. झग्याच्या बाहीतून वही काढून ते म्हणाले, "हीच ती साधी चव! अप्पाराव, पुन्हा म्हणा, मी उतरवून घेतो."

अप्पारावनं नडगीला अडकलेला पेला उचलून काठावर ठेवला.

"म्हणतो," तो म्हणाला. "जरा वर जाऊन येतो."

सायकल काढून तो कालव्यावर गेला. दाराला चावी लावली आणि ती फिरायची थांबेपर्यंत फिरवली.

पाणी चारीत धडाडत घुसलं. त्यानं बांधावरून पाहिलं. आधी पेले गेले. मग मुळा, भात, दोन चटया. सरांचा झगा कमरेपर्यंत भिजला, आणि सोळाशे वर्षांची रीत सोडून सर चोख मराठवाडी शिवी घालते झाले. धाब्याची वेळ झाली नव्हती, तरी मंडळी निघाली.

खिशातला फोन वाजायला लागला. काकासाहेब. अप्पारावनं तो दगडावर ठेवला आणि वाजू दिला.

साडेबाराला पाणी नंदाबाईच्या बांधाला लागलं. त्याच्याबरोबर थर्माकोल आला, सोयाबीनच्या पनीरचे पांढरे तुकडेही आले. नंदाबाईनं एक तुकडा उचलून हुंगला.

"हे काय वो?"

"पंडितांचं खाणं. चीनचं."

तिनं तो कुत्र्यापुढं टाकला. कुत्र्यानं वास घेतला आणि सावलीला जाऊन झोपलं.

"अडीच तास गेले की, अप्पा."

"साडेसहापर्यंत घे. चारनंतर सरांची पाळी हाय. त्यांनी त्यांचं पाणी सकाळीच वापरलं."

सव्वासहाला शेवटच्या झाडाचं आळं भरलं. तोवर अप्पाराव तिथून हलला नाही.

काकासाहेबांनी त्याला काढायची भाषा केली. पण सगळ्या चारीच्या पाळ्या तोंडपाठ असलेला दुसरा माणूस मिळेना, तेव्हा गप्प बसले.

दोन महिन्यांनी ती कविता एका मासिकात छापून आली. खाली नाव रामप्रसाद सरांचं. नंदाबाईची लेक पायल हिनं ती अप्पारावला वाचून दाखवली. ऊस होता, भेंडी होती, घास होता. शेवटची ओळ नव्हती.

"आमची मोसंबी काढून टाकली," पायल म्हणाली.

अप्पारावनं चारीपलीकडं पाहिलं.

"कागदावरची ना?" तो म्हणाला. "झाडावरची हाय."