कडकरावांच्या पाच लाँड्र्या

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला जी लाँड्री आहे, तिच्या मालकाला सगळे कडकराव म्हणतात. माणूस म्हणाल तर उकडलेल्या बटाट्याहून मऊ. पण त्यांच्या हातची कॉलर अशी उभी राहते, की घालणाऱ्याला मान खाली घालायची सोयच उरत नाही. गल्लीतले दोन-तीन अपराधी नवरे केवळ त्या कॉलरीच्या जोरावर ताठ मानेने घरी जातात, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे आपणच, पण ते असो.

तर असल्या सरळमार्गी माणसाला नकाशाचं खूळ लागलं. लाँड्रीचं दार इमारतीच्या मागे, आणि फोनमधला नकाशा गिऱ्हाइकाला आणून सोडायचा पुढच्या बाजूला, थेट दंतवैद्याच्या पायरीवर. एक आजोबा कोट धुवायला टाकायला आले आणि दाढ काढून परत गेले. कोट तसाच.

"अहो, 'मागच्या दाराने या' एवढं फोनवर सांगता येत नाही का?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे कडकरावांची बायको.

"दुसऱ्याच्या नकाशात आपण भाडेकरू," कडकराव म्हणाले. "आपला नकाशा आपल्या घरात काढायचा, आपल्या सर्व्हरवरून दाखवायचा. सगळं फुकट मिळतं. गावाची माहिती फुकट, ती रंगवणारा प्रोग्राम फुकट."

"आणि डोकं?"

"ते आपलं."

"म्हणजे तेही फुकटच."

झालं. कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून वाळवणाच्या खोलीत, दोरीवरच्या परकरांखाली येऊन बसला. पहिल्या दणक्यात कडकरावांनी सबंध जगाची माहिती उतरवून घ्यायला लावली. डबा घरघर घरघर करत राहिला, त्याच्या गरम वाफेवर मोजे मात्र सुरेख वाळले, आणि शेवटी पोट फुटेस्तोवर जेवलेल्या पाहुण्यासारखा तो गप्प पडला.

"आपलं गिऱ्हाईक कुठवर आहे?" वहिनींनी विचारलं.

"तळ्यापर्यंत."

"मग जग कशाला मागवलंत?"

कडकरावांनी जग पुसलं आणि गाव भरलं. त्यात आणखी एक गंमत होती. इस्त्री आणि सर्व्हर एकदम चालले, की फ्यूज उडायचा. म्हणून मग एका शर्टाची बाही इस्त्री करायची, ती बंद करून एक रस्ता रंगवायचा, अशी पाळी लागली.

पण रंग काय काढले म्हणता! रस्ते नीळ दिलेल्या धोतरासारखे. ज्या घरात कुत्रा, ते लाल. ज्याची बेल बंद, ते राखाडी. सासूबाईंचं घर पिवळं. का, म्हणून विचारलं तर इकडेतिकडे बघून म्हणाले, "पिवळा डाग कधी सुटत नाही."

आणि मग येईल त्याला समजावून सांगायचा सपाटा सुरू झाला. सलूनवाल्याचा वस्तरा गळ्यावर असतानासुद्धा तोंड चालूच. "हे बघ, सर्व्हर नकाशा सलग देत नाही. त्याचे चौकोन करतो, रुमालासारखे. एकदा रंगवलेला रुमाल घडी करून कपाटात ठेवतो. कोणी मागितला, की तोच काढून देतो. पुन्हा रंगवायला नको."

"आणि गावात काही बदललं तर?"

"कपाट रिकामं करायचं, की पुन्हा रंगवतो. सोपं आहे."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. कडकरावांनी ठेवलं नाही.

इकडे धंद्याची अवस्था बेताचीच होती. घरोघरी मशिनं आली, लाँड्रीत गिऱ्हाइकांपेक्षा मांजरं जास्त. अशात वहिनींनी खटपट करून तळ्याकाठच्या हॉटेलच्या मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, "मंगळवारी चादरींची एक खेप पाठवतो. संध्याकाळपर्यंत घडी होऊन परत आली, तर वर्षभराचं काम तुमचं."

"ऐकलंत?" वहिनी घरी येऊन म्हणाल्या. "हे काम गेलं तर हा डबा भंगारात जाईल. आणि त्याच्यावर बसून तुम्ही."

कडकरावांचा जीव टांगणीला लागला. तरी खोड जाते का? मॅनेजरने फोनवर पत्ता विचारला तर म्हणतात कसे, "पत्ता कसला विचारता! आमचा स्वतःचा नकाशा आहे. लिंक पाठवतो."

लिंक पाठवून झाल्यावर त्यांनी सहज नकाशा उघडला आणि कपाळावर हात मारला. गावातला कुत्रा न् कुत्रा दाखवला होता, पण लाँड्री दाखवायची राहून गेली होती!

लगेच माहितीत लाँड्रीचं टिंब नावासकट टाकलं. नकाशा ढिम्म. जरा सरकवून दुसरं टाकलं, ते पडलं दंतवैद्याच्या खुर्चीवर. तरी नाही. अक्षर मोठं करून सलूनवर टाकलं. नाही. आणखी मोठं करून सासूबाईंच्या घरावर. नाही! शेवटी, दाटीवाटीत दिसत नसेल, असं म्हणून सगळ्यात मोठ्या अक्षरात एक टाकलं मोकळ्या जागी. गावात मोकळी जागा एकच. तळं.

मंगळवारी सकाळी कडकराव डोकं धरून बसले होते. वहिनी उशीचे अभ्रे झटकत होत्या.

"कपाटातले जुने रुमाल काढलेत का?" त्यांनी विचारलं.

कडकराव ताडकन उठले. "तुला कोणी सांगितलं हे?"

"तुम्हीच. सलूनवाल्याला सांगितलंत, दूधवाल्याला सांगितलंत, माझ्या आईला तर दोनदा."

कडकरावांनी कपाट रिकामं केलं. सर्व्हर घरघरला, नकाशा नव्याने रंगला, आणि त्यावर एकामागून एक पाच लाँड्र्या उगवल्या. शेवटची तर एवढ्या मोठ्या अक्षरात, की तळं दिसेना. कडकराव जास्तीची चार टिंबं पुसायला धावले, तेवढ्यात वहिनींनी इस्त्री लावली.

फट्! फ्यूज गेला. अंधार.

हॉटेलच्या ड्रायव्हरच्या फोनवर मात्र पाच लाँड्र्यांचा नकाशा तोवर उघडून झाला होता. माणूस शहाणा. पाच शाखा दिसतात, तर ओझं वाटून द्यावं, असं त्याने ठरवलं.

पहिला फोन दंतवैद्याचा. "कडकराव, माझ्या खुर्चीत चादरींचं बोचकं आहे आणि पेशंट उभा आहे. उपटू काय?"

मग सलूनवाला. "मी हे कापायचं, की धुवायचं?"

मग सासूबाई. "जावईबापू, माझ्या दारात परक्यांच्या चादरी टाकून गेला मेला. वर म्हणतो, ही तुमची शाखा. मी शाखा कधीपासून झाले?"

आणि शेवटी खुद्द ड्रायव्हर. "साहेब, एक बोचकं मागच्या दारात ठेवलं. आता तुमच्या तळ्यातल्या शाखेपाशी उभा आहे. होडी कुठे मिळेल?"

वहिनींनी स्कूटर काढली. दात, केस, आई, तळं, असा फेरा मारून सगळी बोचकी गोळा केली. आईकडचं बोचकं तासभर बोलणी खाल्ल्यावरच सुटलं. फ्यूज नवा घातला, दिवसभर इस्त्री तापली, सर्व्हर थंड पडला, आणि दिवेलागणीला चादरी हॉटेलात पोचल्या. घडी अशी, की मॅनेजरचं बोट कापेल.

मॅनेजर भारावून गेला. "ड्रायव्हर सांगत होता. पाच शाखा! आधी बोलला नाहीत?"

खरं सांगायला कडकरावांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"चारच धरा," वहिनी म्हणाल्या. "तळ्यातली सध्या दुरुस्तीला बंद आहे."

काम मिळालं. हॉटेलचे नोकर आता आपापले गणवेश जवळच्या शाखेत टाकतात, त्यामुळे दंतवैद्याकडे एक टोपली आली, सलूनमध्ये एक. सासूबाईंनी तर दारावर पाटीच लावली आणि गिऱ्हाइकांना वेळेवरून झापायला सुरुवात केली. डबा भंगारातून वाचला. परकरांखाली बसून अजून घरघरतो.

फक्त परवा सासूबाईंनी फोनवर नकाशा पाहिला. "जावईबापू, माझं घर तेवढं पिवळं का हो?"

कडकरावांनी धावत डबा गाठला. त्यांनी तत्काळ रंगांच्या फाइलीत ते पांढरंशुभ्र करून टाकलं. तरीही नकाशावर घर पिवळंच दिसतं. कडकराव म्हणतात, प्रोग्रामातच काहीतरी खोट असावी.