रोह्याचा पाट आला नाही

पेणमध्ये माझा शाडूच्या मूर्तींचा छोटा कारखाना आहे. कामाला पाच बायका, सहावी मी. दुकानदारांचा माल आधीच निघून जातो. शेवटपर्यंत राहतात ती नेहमीची घरं. ही घरं ऑर्डर लिहून देत नाहीत. आषाढात घरचा पाट आणून ठेवतात, पाटाच्या खाली खडूने आडनाव. पाट आला म्हणजे गणपती सांगितला. मूर्ती त्याच पाटावर बसते आणि त्यावरूनच घरी जाते. पाट आला नाही तर समजायचं, त्या घराने दुसरा कारखाना धरला. आम्ही विचारायला जात नाही. ते बरं दिसत नाही.

यंदा रोह्याचा पाट आला नाही.

रोह्याचं घर माझ्या मावशीचं. मी तिच्याकडे गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. आई मी तीन वर्षांची असताना वारली. वडील ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मग मी एक वर्ष आत्याकडे, दोन वर्षं मामाकडे, पुन्हा आत्याकडे, अशी फिरत राहिले. कुणी छळलं नाही, हे आधीच सांगते. जेवायला मिळालं, शाळेत घातलं. फक्त निघायच्या आधी कुणी सांगायचं नाही. सकाळी उठावं तर कपडे पिशवीत भरलेले असायचे.

मावशीने मला कायमची ठेवून घेतली. पण ते कायमचं आहे हे मला कुणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. आपलं ताट आपण घासायचं, ताप आला तरी सांगायचं नाही, कुणाच्या मांडीवर डोकं ठेवायचं नाही, हे नियम मी स्वतःच केले. शेजारणी मावशीला म्हणायच्या, "पोरगी गुणाची हाय हो, कसला म्हणून त्रास नाय." मावशी खूश व्हायची. मीही.

तो गुण नव्हता हे कळायला पन्नाशी उजाडावी लागली. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधडायचं म्हणून डॉक्टरकडे गेले. हृदय चांगलं निघालं. त्यांनी पनवेलच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई माझ्या निम्म्या वयाची. तिने अटॅचमेंट डिसऑर्डर हा शब्द सांगितला आणि लगेच म्हणाली, की आजार म्हणून तो लहान मुलांच्या बाबतीत वापरतात, मोठ्यांना चिकटवायची घाई करू नये. मोठ्या माणसात त्यातली सवय राहते. लहानपणी माणसं बदलत राहिली, की मूल टेकायचंच सोडून देतं. पुढे टेकायला जागा मिळाली तरी टेकता येत नाही. कोणी सोडून जाईल याची इतकी खात्री असते, की ते मूल मोठं होऊन आपणच आधी निघतं.

"तुम्ही भांडता का कुणाशी?" तिने विचारलं.

"कधीच नाही."

"मग रागावल्यावर काय करता?"

"घरी जाते."

तिने ते लिहून घेतलं. मला त्यात लिहून घेण्यासारखं काय ते कळलं नाही.

माझं लग्न आठ वर्षं टिकलं होतं. नवरा डोलवीच्या कंपनीत, शिफ्टमध्ये. चांगला माणूस. वेगळे होताना म्हणाला, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे लॉजवर राहणं आहे. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर, आणि आपण कधी परत येणार हे कुणी विचारत नाही." मी त्याचे कपडे इस्त्री करून बॅगेत भरून दिले. तेव्हा मला तो माझा समजूतदारपणा वाटला होता.

तर पाट. दर वर्षी मावसभाऊ तो घेऊन येतो. फणसाचा, जड, एका कोपऱ्याला निरांजनाने भाजलेला. आषाढ गेला. नागपंचमी झाली. मूर्ती मी नेहमीप्रमाणे धरून ठेवली होती. रोह्याच्या मूर्तीची बैठक, म्हणजे बसण्याची ढब, ठरलेली; तो साचा मी दुसऱ्या कुणासाठी काढत नाही. कारखान्यातली जुनी बाई, मूर्तींचे डोळे आखायला माझ्याबरोबर बसणारी, रोज एकदा विचारायची.

"रोह्याला फोन केलात?"

"नाही."

"करा की. फोनला काय पाट लागतोय?"

मी केला नाही. मनाशी हिशेब मात्र चोख जुळवला. गेल्या वर्षी मी गणपतीला गेले, आरती झाली आणि जेवायच्या आधीच चारची गाडी आहे म्हणून निघाले. दर वर्षी तशीच निघते. कंटाळली असतील माणसं. कंटाळणारच. मला वाईट वाटलं नाही. उलट एक ओळखीची स्वस्थता आली. चला, हेही झालं.

चतुर्थीला चार दिवस राहिले असताना वडखळचा एक माणूस आला. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, त्याला घरात नवा गणपती बसवायचा होता. मी रोह्याची मूर्ती त्याला देऊन टाकली. जुनी बाई ब्रश धुवायला उठून गेली.

दोन दिवसांनी सकाळी मावसभावाचा फोन.

"काय गो, किती वाजता पोचतेस? आई विचारतेय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गणपती घेऊन येतेस ना!"

"तुमचा पाट कुठे आलाय?"

तो हसायला लागला. "तुला पाट कसला पाठवायचा? गेल्या वर्षी आईने सगळ्यांसमोर सांगितलं ना, पुढच्या वर्षापासून गणपती आणायचा मान तुझा. घरच्या माणसाला पाट देतात व्हय? पाट देवाजवळ पुसून ठेवलाय तिनं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"जेवताना सांगितलं. तू नव्हतीस का?" मग त्यालाच आठवलं. "हां. तू गाडीला गेली होतीस."

मी म्हटलं, ऑर्डर नव्हती, मूर्ती गेली. दुसरी बघते. आणि फोन ठेवला. हात धुतले. एका मूर्तीचा डोळा आखायला घेतला आणि रेघ हलली. आखणीत माझी रेघ हलत नाही. मी ब्रश ठेवला आणि त्याला परत फोन लावला.

"ऑर्डरचं खरं नाही," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही मला टाकलंत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"येडी हायस काय?" तो म्हणाला. "आईला काय सांगू?"

"हेच सांग."

त्या साच्यातली दुसरी मूर्ती नव्हती. लोडाला टेकलेली, हिरव्या पितांबराची एक उरली होती, ती घेतली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी करून रोह्याला गेले. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, मांडीवर मूर्ती. दारात मावसभावाने पाट पुढे धरला. मावशीने माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, मूर्तीला ओवाळलं, रुमाल काढला आणि बघत राहिली.

"ही आपली बैठक नाय," ती म्हणाली.

"नाही."

"फोन करायला काय झालं होतं गो?"

तिने ताम्हण खाली ठेवलं आणि आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वाढायला आली नाही, सून आली. चतुर्थीला पूजा झाली, आरती झाली, ती माझ्याकडे न बघता तबक पुढे सरकवत गेली. घर माणसांनी भरलेलं. मी भिंतीला बसून होते आणि मला कारखान्यात एकटीला वाटत नाही इतकं एकटं वाटत होतं. चारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा पाय आपोआप ताठ झाले. पर्स शेजारीच होती.

माझ्यावर रागावलेल्या माणसाच्या घरात मी तोवर कधी थांबले नव्हते. राग यायच्या आधीच निघायचं, म्हणजे पुढचं बघावं लागत नाही. त्यामुळे रागानंतर काय होतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. पन्नास वर्षांच्या बाईने हे लिहिणं लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. मी गाडी जाऊ दिली. बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दीड दिवसाच्या विसर्जनाची तयारी चालली होती. मावशी स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात दोन नारळ.

"बसून काय ऱ्हायलीस? हे फोड," ती म्हणाली. आवाजात राग होताच. "आणि खिरापतीचं खोबरं बारीक कर. गेल्या खेपेला सुनेनं जाडं केलं, एकाने खाल्लं नाय."

मी कोयता मागितला. त्या घरात वाढले, तरी तो कुठे असतो ते मला माहीत नव्हतं.