आईच्या औषधांची नोंद

व्यवस्थित माणूस व्हायचं मी ठरवलं, ते घरी पहिला संगणक आला तेव्हा. एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवर टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर होतं. डावीकडे झाड, त्याला हव्या तितक्या फांद्या, आणि फांदीवर क्लिक केलं की उजवीकडे कोरं पान. डोक्यातलं सगळं इथे ठेवा, अशी सूचना होती. माझ्या डोक्यात फारसं काही नव्हतं, पण महिनाभरात फांद्या शंभरावर गेल्या. 'गॅस'खाली 'शेगडी' वेगळी, 'सिलिंडर' वेगळा. रंग ठरवण्यात दोन रविवार गेले. आरोग्याला लाल दिला. बायको सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायची. मला तिची दया यायची.

आई तेव्हा विंचूरहून आमच्याकडे सिडकोत राहायला आली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ती साडीच्या दुकानातल्या पिशवीत ठेवायची. गावी एकदा एका इंजेक्शननं तिचं तोंड सुजलं होतं, श्वास कोंडला होता. हे पुन्हा कधी द्यायचं नाही, असं लिहून तिथल्या डॉक्टरांनी त्याचं नाव दोनदा अधोरेखित केलं होतं. ती चिठ्ठीही त्याच पिशवीत होती.

ती पिशवी माझ्या डोळ्यांत खुपायची. एका दुपारी मी 'आरोग्य'खाली 'आई' ही फांदी केली, तिच्याखाली 'औषधे', त्याखाली 'चालत नाहीत'. मग पिशवी वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याला दिली.

"अहो, सगळं उतरवून घेतलंत ना?" बायकोनं विचारलं.

"अगं, आता एका क्लिकवर आहे."

हे खोटं आहे असं मला वाटलं नव्हतं. फांदी केली की माझ्या लेखी काम झालेलं असायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आईच्या पायाची जखम चिघळली. साखरेचा त्रास होताच. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं इंजेक्शन चालत नाही?"

"ते पांढरं. लय झोंबायचं," आई म्हणाली.

"आजी, बरीचशी पांढरीच असतात."

"सगळं संगणकात आहे," मी छाती काढून म्हणालो आणि स्कूटर घरी पिटाळली. घरी लोडशेडिंग. काळ्या पडद्यासमोर दोन तास बसलो. वीज आली. लाल फांदी झटक्यात उघडली. उजवीकडे एकच ओळ होती: चिठ्ठी बघून नंतर भरणे.

विंचूरच्या डॉक्टरांचा दवाखाना केव्हाच बंद झाला होता. मी परत गेलो आणि सांगितलं, "लाइटच नाही हो, डॉक्टर."

त्यांनी धोका पत्करला नाही, सौम्य औषधं सुरू केली. आठवड्यानं आईच्या पायाची करंगळी काढावी लागली. त्यामुळेच का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी मोसंबं सोलत बसलो होतो. आई शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, "माझ्या पोरानं समदं लिहून ठेवलं होतं, बाई. लय हुशार हाय. त्या मेल्या लाइटीनं घात केला."

"हो ना," मी म्हणालो, आणि वीजवाल्यांना एक शिवीही हासडली.